सेइगोचा वाडगा

“हा जोडायचा नसतो, वहिनी.” हिसामात्सुने फडक्यातले तुकडे तसेच त्सुरुएपुढे सरकवले.

भाताचा साधा निळा वाडगा होता. पाच तुकडे झालेले. हिसामात्सुने ते पाहताक्षणी ओळखले. सहा वर्षांपूर्वी तोही त्सुरुएच्या अंगणात उभा होता. तिचा मुलगा सेइगो समुद्रावर गेला आणि होडी तेवढी परत आली. प्रेत मिळालं नाही. शेवटी रिकामी शवपेटी उचलली आणि ती उंबऱ्याबाहेर पडताच त्सुरुएने त्याचा जेवायचा वाडगा दगडावर आपटला. गेलेल्याने भाताच्या आशेने मागे फिरू नये, म्हणून.

हिसामात्सुने चाळीस वर्षं फुटकी भांडी जोडली होती. झाडाचा चीक लावायचा, भेगांवर सोन्याची पूड बसवायची. पण असलं काम त्याने कधी हाती घेतलं नव्हतं.

“तुकडे ठेवलेतच कशाला? गेलेल्याला जाऊ द्यावं.”

“तो आलाय, भाऊजी.”

हिसामात्सु तिच्याकडे बघत राहिला. डोक्यावर परिणाम झाला की काय बिचारीच्या?

“असे बघू नका. परवा आला, सकाळच्या बसने. बापाशी भांडला, होडी सोडून दिली अन् ओसाकाला पळाला. इतकी वर्षं बांधकामावर होता म्हणे. बाप गेल्याचंही त्याला आत्ता कळलं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? भात वाढला. पाहुण्यांच्या वाडग्यात जेवतो. पाहुण्यासारखाच बसतो, पाय आखडून. काल फडताळात हे तुकडे दिसले त्याला. मग ते पुढ्यात घेऊन बसला.”

हिसामात्सुने फडकं पुन्हा आपल्याकडे ओढलं. एकेक तुकडा उजेडात धरून कडा लावून पाहिल्या. एक टवका गेला होता, बाकी सगळं जुळत होतं.

“होईल. पण चार महिने लागतील. चीक सावकाश सुकतो. घाई असेल तर बाजारातला गोंद लावून उद्याच देतो.”

“छे, छे, उद्या नको!” त्सुरुएने त्याचा हातच धरला. मग ओशाळून सोडला. “वाडगा होईपर्यंत राहतो म्हणालाय. भाऊजी, वर्ष लागेल म्हणून सांगू का त्याला?”