माधव ढालीची पेनल्टी

"रेफ्री तितका चोर," बाबुराव म्हणाले, आणि न्हाव्यानं वस्तरा चटकन मागे घेतला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, आणि तोंडाचा पट्टा चालू. नायगावातल्या चाळीखालच्या त्या सलूनमध्ये रविवारी सकाळी दाढ्या कमी आणि भांडणं जास्त व्हायची. आजचं भांडण मेलबर्नचं होतं. ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानची फुटबॉल टीम सेमी-फायनलपर्यंत पोचली, साऱ्या गिरणगावाची छाती फुगली, आणि मग युगोस्लाव्हियानं चार गोल घातले. ब्राँझ तरी मिळेल म्हणावं, तर बल्गेरियानं तीन. आता हात हलवत परत.

"सात गोल काय रेफ्रीनं घातले?" रमाकांतनं पेपरातून डोकं वर काढलं. दादरला कचेरीत कारकून होता, त्यामुळे शहाणपण शिकवायची खोड होती. "आपले कमी पडले म्हणा की."

"तू गप रे. ह्या गोऱ्या लोकांना वारा लागला तरी लोळतात. आणि रेफ्री शिट्टी मारतो. मी न बघता सांगतो."

"न बघता सांगता, हेच तर म्हणतोय मी."

लेकी बोले सुने लागे. बाबुरावांची नजर आरशात होती, आणि आरशात मागच्या बाकड्यावरचा गुणाजी दिसत होता. गुणाजी त्यांच्याच गिरणीतला साचेवाला, चाळीत शेजारी, आणि इथल्या मॅचेसचा रेफ्री. बाबुराव जॉबर, म्हणजे त्याच्यावरचे मुकादम. खात्यात ते गुणाजीला कधी टाकून बोलले नव्हते. पण कालपासून त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं नव्हतं.

काल माधव ढालीची सेमी-फायनल झाली. माधव म्हणजे बाबुरावांचा एकुलता एक मुलगा. जानेवारीत मुंबईसह महाराष्ट्र मागायला पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा चाळीसमोरच्या नाक्यावर पोलिसांच्या गोळीनं गेला. मुंबई अजून मिळायची होती, पोरगा मात्र गेला तो गेलाच. त्याच्या नावानं बाबुरावांनी ढाल करून घेतली, चाळीच्या मंडळातर्फे फुटबॉलचे सामने भरवले. इच्छा एकच, की पहिल्या वर्षी तरी ती आपल्या चाळीत यावी. काल अगदी शेवटी समोरच्या घोडपदेवच्या टीमचा एक पोरगा आपल्या गोलासमोर धाडकन आडवा झाला. त्याला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. गुणाजीनं शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली, आणि यजमान स्पर्धेतून बाहेर.

एकदाचं असतं तर माणूस गिळतो. पण यंदा वर्षभर हेच चाललं होतं. पूर्वी हाच गुणाजी तंगडी मोडल्याशिवाय फाउल द्यायचा नाही. आता कुणी ठेचकाळलं तरी ह्याची शिट्टी तयार. पोरांनी त्याचं नाव पिपाणी ठेवलं होतं.

बाबुरावांनी गळ्यातलं फडकं ओढून फेकलं आणि उठून गुणाजीसमोर उभे राहिले.

"आज संध्याकाळी मंडळाची मीटिंग आहे. तू उभा राहायचंस आणि सांगायचंस, माझी चूक झाली. मॅच परत खेळवतील. नाहीतर ते फायनलही मारतील, आणि माझ्या पोराचं नाव घोडपदेवच्या भिंतीवर लटकणार. चालेल तुला?"

"मी नाही सांगणार, बाबुराव."

"का? बायको घोडपदेवची म्हणून?"

रमाकांतनं पेपराची घडी घातली. असलं बोलणं सलूनमध्येही होत नसे. न्हावी म्हणाला, "बसा हो, अर्धी राहिली." कुणी ऐकलं नाही.

"सासुरवाडीला ढाल आंदण दिलीस तू," बाबुराव म्हणाले. "माझं मेलेलं पोर आंदण दिलंस." त्यांनी गुणाजीची कॉलर धरली. हाताचा फेस त्याच्या सदऱ्याला लागला. वय झालं होतं, पण जॉबरचा हात होता, आणि गुणाजीनं तो सोडवायचा प्रयत्न केला नाही. "सगळ्यांसमोर सांग. तो पोरगा सोंग करत होता. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"काय?"

"स्वच्छ दिसलं. मी जवळच होतो. सोंगच होतं ते."

बाबुरावांना वाटलं, जिंकलो. स्वतःच्या तोंडानं कबूल झाला हा, चारचौघांत. आता संध्याकाळी मीटिंगमध्ये हेच वदवून घ्यायचं, की मॅच परत आपलीच.

"मग शिट्टी का मारलीस, हरामखोरा?"

"पडलेल्या माणसाला सोंगाड्या म्हणायचं मी सोडलंय," गुणाजी म्हणाला. "जानेवारीपासून."

बाबुरावांची पकड सुटली नाही. उलट आवळली. पुढचं त्यांना नको होतं. वर्ष होत आलं, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. माधवच्या आईलाही नाही.

"गप," ते म्हणाले. "गुणाजी, गप."

पण गुणाजीचं तोंड एकदा उघडलं होतं. तो हळूच बोलला, बाबुरावांपुरतंच. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

"लाठीमार सुरू झाला की माधव असाच आडवा व्हायचा. पोलीस पुढं निघून जायचे, आणि हा कपडे झटकत उठायचा. त्या दिवशी आपण वर गॅलरीत होतो. आवाज आपल्याला अश्रुधुराच्या नळकांड्याचा वाटला. तुम्ही मला म्हणालात, बघ गुणाजी, काय झकास पडतोय माझा पोरगा. आणि हा कधी उठतो ते बघत आपण दोघं तिथं हसत उभे राहिलो."