कारणाचा रकाना

"प्रवेश रद्द करायचा अर्ज द्या," मी मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात म्हणालो. बायको जाऊन महिना झाला, तरी रविवारच्या तासाचे निरोप तिच्या फोनवर येतच होते.

तिथल्या बाईंनी तिची फाइल उघडली. "काकूंनी याआधी दोनदा नाव काढून घेतलंय, काका. ही तिसरी वेळ."

जुने दोन्ही अर्ज तिच्याच अक्षरात होते. पहिल्यावर कारण होतं, सासूबाईंचं आजारपण. दुसऱ्यावर, यजमानांना रविवारी गरम जेवण लागतं.

मी तिला जाऊ नको असं कधी म्हणालो नव्हतो. फक्त ती तासावरून परत येईपर्यंत न जेवता बसून राहायचो.

"कारण लिहा," बाई म्हणाल्या. "तेवढंच राहिलंय."

मी 'मृत्यू' लिहिलं. तिन्ही अर्जांत तिचं स्वतःचं असं कारण हे एकच होतं.