दुसऱ्या कडव्यानंतर

सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढलं आणि ऑफिसात कुणाच्याच मेलमधली अटॅचमेंट उघडेना. "दादा, पाकीट येतंय, पण आत नुसती हवा!" हिशेब बघणाऱ्या बाई सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाला म्हणाल्या.

दादाला हसू फुटेना. दुरुस्ती झाली की चाचणीला तो नेहमी एकच जुना मेल उघडायचा. त्यात त्याच्या दिवंगत आईने गायलेलं देवाचं गाणं होतं. तिच्या आवाजाची तेवढीच काय ती खूण, आणि आज तीही उघडत नव्हती.

त्याने देवाचं नाव घेतलं, अटॅचमेंटचा फोल्डर उघडायची, नव्या सॉफ्टवेअरने पुसलेली परवानगी सर्व्हरला परत दिली आणि तो मेल उघडून हेडफोन चढवला. दुपारच्या पेंगुळल्या खोलीत आईचा सूर त्याच्या कानांत धुपासारखा दरवळला. दादाचा जीव भांड्यात पडला. 'झालं हो काम,' असं तो बाईंना लिहू लागला.

दुसऱ्या कडव्यानंतर रेकॉर्डिंग संपायचं. आज आई गातच राहिली. रेकॉर्डिंगमध्येच, गाण्यामागे, बारीक टिकटिक होती. कीबोर्डची, आणि त्याच्याच बोटांच्या लयीत.

त्याने बोटं उचलली. टिकटिक थांबली.

आईही थांबली.

"ताल का सोडलास रे, बाळा?"