तांबडा दिवा

साहेबांच्या गाडीत चार दिवस ऑइलचा तांबडा दिवा लागत होता. मेकॅनिकने ऑइल मोजायची पट्टी काढली, तर ती कोरडी ठणठणीत.

"साहेब, दिवा लागला की गाडी जागच्या जागी थांबवायची. नाहीतर इंजिन गेलंच म्हणून समजा."

"इंजिनाचं सोड रे. तो दिवा डोळ्यांत खुपतो, तेवढा बंद कर."

मेकॅनिकने कानाला हात लावले. मग साहेबांनी स्वतःच दिव्यावर काळी टेप चिकटवली आणि बायकोला घेऊन लांबच्या प्रवासाला निघाले.

भर उन्हात, निर्मनुष्य रस्त्यावर इंजिनाने मान टाकली.

"अहो, बघत काय बसलात? रस्ता मदत केंद्राचे प्रमुख ना तुम्ही? लावा की तिथे फोन!"

साहेबांनी घाम पुसला.

 

"तो फोन सारखा वाजायचा गं. गेल्याच महिन्यात वायर काढायला लावली मी."