म्हाळूची जागा

तिसऱ्या वळणाला ज्योतिबाने मान फिरवली, तर म्हाळूच्या जागी कोणीतरी नाचत होतं.

त्याला आधी वाटलं, डोळ्यांत घाम गेला. दुपारचे चार वाजले होते आणि दौंडच्या त्या शाळेच्या पटांगणात मांडवाचं कापड तापलं होतं. पुढच्या वळणाला त्याने नीट पाहिलं. शिडशिडीत पोरगा, प्रगती मॅडमच्या पुण्याच्या क्लासातला. अंगरखा, फेटा सगळं फेरातल्या बाकीच्यांसारखंच. हातातला रुमाल मात्र कोरा, दुकानातल्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या.

म्हाळू ज्योतिबाचा थोरला भाऊ. यंदाच्या शिमग्यात वारला. वडगाव रासाईच्या या धनगरी गजी नाचाच्या मंडळात नाचणारा गेला, की फेरातली त्याची जागा वर्षभर मोकळी ठेवतात. वर्ष सरलं की त्याची बायको त्याचा रुमाल ज्याच्या हाती देईल, तो तिथं उभा राहतो. म्हाळूची बयाबाई आज जीपने मुद्दाम आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. रुमाल अजून तिच्या पेटीतच होता.

मंडळाचा नाच बसवायला आलेल्या प्रगती मॅडम नाचाचं नवं शास्त्र शिकलेल्या. त्यांनी ज्योतिबाच्या अंगणात कामट्यांचा पुरुषभर उंच पिंजरा बांधला होता, बारा कोपऱ्यांचा. म्हणायच्या, माणूस आपल्याभोवती असला न दिसणारा पिंजरा घेऊनच फिरतो. हात एका कोपऱ्याला गेला, की अंगाने समोरच्या कोपऱ्याकडे जाऊन त्याला तोलायचं. ज्योतिबाला आत उभं करून त्या टाळ्या वाजवायच्या. "मामा, तुमचा रुमाल बाराही कोपऱ्यांना शिवतो." बाई गुणी, यात वाद नाही. फक्त ती मोकळी जागा त्यांना खुपायची.

"मामा, तिथं बघणाऱ्याची नजर अडकते."

"अडकाया पायजे," ज्योतिबा म्हणाला होता. "त्याच्यासाठीच ठिवलीया."

त्या हसल्या होत्या. बिचाऱ्या ज्योतिबाला वाटलं, त्यांना पटलं.

फेर फिरत राहिला, तसं ज्योतिबाच्या ध्यानात आलं. नवा माणूस आत घुसला की रुमालात रुमाल अडकतो, कोणाच्या तरी पायावर कोणाचा तरी पाय पडतो. इथं एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. म्हणजे हे आधी बसवलेलं होतं. त्याचा पोरगा हनुमंत आठ दिवस रांजणगावच्या कंपनीतून उशिरा येत होता, ओव्हरटाइम आहे म्हणून. आणि ढोलवाला पोपटराव, तीस वर्षांचा जोडीदार, तळेगावच्या आठवडी बाजाराला एका आठवड्यात चारदा जाऊन आला होता. घरच्यांनीच केसाने गळा कापला होता.

गिरकीत हनुमंत जवळ आला.

"कोन हाय त्यो?"

"आबा, नाचा तुम्ही. दिल्लीला जायचं सिलेक्शन हाय. मॅडम म्हणल्या, जागा मोकळी ऱ्हायली तर बॅलन्स जातो."

"आन् तुझी चुलती बसलीया समोर."

हनुमंत पुढच्या पावलाला निघून गेला. पोपटरावाने ढोलावरून नजर उचलली नाही.

चाळीस वर्षं ज्योतिबा फेराचा म्होरक्या. त्याच्या रुमालावर फेर वळायचा, त्याच्याच रुमालावर थांबायचा. पुढच्या ठोक्याला तो सरळ बाहेर पडला आणि हात खाली सोडून उभा राहिला. म्होरक्याच गेला म्हटल्यावर फेर फुटणार, ढोल थांबणार. मग चारचौघांत विचारायचं, कुणाला विचारून भरली जागा?

फेर फुटला नाही. हनुमंताचा रुमाल वर गेला. सगळे अर्धं अर्धं पाऊल सरकले आणि कडं मिटलं. आठ दिवस त्यांनी त्याच्याविनाच नाचून पाहिलं होतं. दिल्लीहून आलेल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचं बाहेर येणं त्यांना बसवलेलंच वाटलं.

ज्योतिबा बयाबाईशेजारी जमिनीवर जाऊन बसला. तिची नजर फेरावरच होती.

"ह्यांची जागा दिसली मला," ती म्हणाली. "भावजी, तुमची कुठली व्हती?"

ज्योतिबाने दाखवायला बोट उचललं. ते फेराबरोबर फिरत राहिलं.