बिननंबरी जोंगा

"आजोबा, ही जोंगा तुम्ही फॅक्टरीतून चोरून आणली का?"

दीक्षाने विचारून टाकलं. एका दमात. काल ट्यूशनवरून येताना पायल आणि प्रणोती या मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे विचारायची तुझी हिंमतच नाही. घ्या, विचारलं!

अंगणात गाडीखाली आडव्या झालेल्या अनुपमच्या हातातली टॉर्चसुद्धा हलायची थांबली.

लहानू आजोबा काहीच बोलले नाहीत. हे भलतंच होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस. तीस वर्षं फॅक्टरीत वेल्डर होते, अजून लोक उस्ताद म्हणतात. आणि नातीने तोंडावर चोर म्हटलं, तर ते चहाच्या कपात बघत राहिले.

"दीक्षा! पागल झाली का?" आई ओरडली. पण ओरडताना तीही सासऱ्यांकडेच बघत होती.

जोंगा म्हणजे इथे जबलपुरातच, त्याच फॅक्टरीत बनणारी फौजी गाडी. हिरवी, जाडजूड, रणगाड्याची लहान बहीण शोभेल अशी. आता बनत नाही, म्हणून शौकीन लोक ती शोधत फिरतात. अनुपम तसाच एक. नागपूरहून आला होता, दीक्षाच्या बाबांनीच बोलावला होता. गाडी अस्सल निघाली तर घेणार होता.

आजोबांची जोंगा दीक्षाच्या जन्माच्या आधीपासून अंगणात उभी होती. महिन्यातून एकदा सुरू व्हायची आणि शेजारच्यांची भांडी वाजायची. पण फाटकाबाहेर कधीच गेली नाही. नंबर नाही, कागद नाही. डॅशबोर्डवर फॅक्टरीच्या नावाची पट्टी नाही, आणि पट्टीच्या स्क्रूची भोकंसुद्धा नाहीत.

अनुपम कपडे झटकत बाहेर आला. "चेसिसवरचा नंबर कोणी घासलेला नाही. घासला असता तर लोखंड तिथं दबलं असतं. इथं नंबर ठोकलाच नाही."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे नंबर पडायच्या आधीच माल बाहेर आला."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते त्याच फॅक्टरीत कामाला होते. "बाबूजी, खरं सांगा. त्याच गेटातून मी रोज आत जातो. माझी नोकरी जाईल."

"गाडी विकायची नाही. चलो, झालं," आजोबा म्हणाले.

एवढंच? दीक्षाचा पैज जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात चंपाबाई आजी घरातून बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन आली.

"तो कशाला काढला?" आजोबा गरजले. सकाळपासून पहिल्यांदा.

"पोराची नोकरी चालली, आन् तुम्ही चहा पिऊन राहिले," आजी म्हणाली आणि तिने डबा उघडला.

आत पावत्या होत्या. फॅक्टरीने नापास केलेल्या मालाच्या लिलावाच्या. एका वर्षी चेसिस. दुसऱ्या वर्षी दोन दारं. मग बोनेट. इंजिन सिहोऱ्याच्या भंगारवाल्याकडचं. अकरा वर्षांच्या पावत्या, सगळ्यांवर शिक्के.

"नापास चेसिसवर नंबर पडतच नाही," अनुपम हळूच म्हणाला. "ही फॅक्टरीत बनलीच नाही. इथंच बनली."

दीक्षाला उडीच मारावीशी वाटली. आजोबा चोर नाहीत! पण आजोबांच्या कपाळावर घाम होता. निर्दोष सुटलेला माणूस असा दिसतो? आणि हा डबा घरात असताना ते इतकी वर्षं गप्प का होते?

"काका, वेल्डिंग कोणाचं?" अनुपमने विचारलं.

"माझं. मंग कोणाचं?"

अनुपमने पुढच्या दाराच्या जोडावर टॉर्च मारली. मासळीच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ चमकली. "इतकं साफ काम मी पाहिलं नाही. पण खवलं बघा. सगळी उजवीकडून डावीकडे गेलीत. हे डावखुऱ्याचं काम आहे."

आजोबांच्या उजव्या हातातला कप हवेतच राहिला.

आजी एकेक पावती उचलून परत डब्यात ठेवत होती. डाव्या हाताने.

"काहून पाहून राहिले सगळे माझ्याकडं?" ती म्हणाली. "यांचे डोळे ड्यूटीवरूनच लाल होऊन यायचे. मी म्हटलं, द्या इकडं. दोन महिने यांनी शिकवलं. मंग मीच करत गेली, मागच्या बंद शेडात, रात्रीची. हा पोरगा तेव्हा मामाकडं शिकायला होता."

"आजी! सगळी गाडी तू?"

"मागचं दार तेवढं यांचं. म्हणून ते लागत नाही."

अनुपम हसला. बाबाही हसले. आजोबा उठले.

"ही गोष्ट फाटकाबाहेर जाणार नाही," आजोबा म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "चोरीची म्हणतात तर म्हणू द्या. पंचवीस वर्षं म्हणूनच राहिले लोक. पण उस्तादाची गाडी बायकोने जोडली, हे नको."

आजीने डब्याचं झाकण लावलं. सवय असल्यासारखी घराकडे वळली.

दीक्षा तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली, आणि आजोबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"आई, बाबा, आधीच सांगून ठेवते. उद्या मी शाळेत आजीचं नाव सांगणार आहे. आजोबांचं बाकी सगळं ऐकीन, हे नाही."