शेवंतामावशीचं वाचन

शेवंताचं वाचन तुम्ही बंद केलंत, सरकारसाहेब, तेही अर्ध्या गोष्टीत.

इचलकरंजीच्या एका बालवाडीत ती मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. प्रौढ कौशल्य योजनेतून तिच्या कानामागं डाळीएवढी चकती बसवली आणि चाळिशीत तिला एकदम वाचता येऊ लागलं. तेव्हापासून गोष्टीचं पुस्तक तिच्या हातातून सुटलं नाही. यंदा तुम्ही त्या योजनेचा निधी दुसरीकडं वळवलात आणि आज सकाळी न सांगता सगळ्या चकत्या बंद केल्यात.

ती पोरांना वाचून दाखवत असलेल्या गोष्टीत कोल्हा विहिरीत पडला होता. शेवंता पुढची ओळ बघत राहिली. कागदावर नुसत्या मुंग्या.

"मावशी, वर आला का न्हाई त्यो?" पोरं ओरडली.

"माझं वाचन गेलं रं बाळांनो," म्हणत तिनं तोंडाला पदर लावला.

खिचडीचे तांदूळ धुण्याआधी शेवंता रोज ते ताटात पसरायची आणि पोरांची बोटं धरून त्यांत अक्षरं गिरवून घ्यायची. पाच वर्षांच्या आफरीननं तेच ताट ओढत आणलं आणि मावशीचं बोट धरलं.

"हात ताठ करू नगंस," ती थेट शेवंतासारखी दटावू लागली. "बोट ढिलं सोड. मी धरलंय की!"

शेवंताला रडतारडता हसू फुटलं. तांदळात वाकडा 'क' उमटला. कोल्ह्याचा.

हे वाचन तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळं ते तुम्हाला बंद करता येणार नाही. तांदूळ मात्र तुमच्याच पोषण आहाराच्या निधीतला आहे. बोला, तो कधी बंद करताय?